एका आयडीवरचे मेल तिघांत सारखे कसे वाटायचे? (पोस्टफिक्स)

वाडीवाला
राम राम मंडळी. वाडीत आपलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, भाड्याच्या चौकशीचे सगळे मेल एकाच आयडीवर येतात. सर्व्हर आपलाच, उबंटूवर पोस्टफिक्स (मेल घेणारं-पोचवणारं) अन् डव्हकॉट (इनबॉक्स सांभाळणारं). सध्या एलियासमध्ये, म्हणजे त्या आयडीचा मेल कोणाकोणाकडं पाठवायचा त्या यादीत, तिघांची नावं टाकली आहेत, तर होऊन काय राहिलं की एकाच पार्टीला तिघंही रेट पाठवून राहिले, तेही वेगवेगळे, अन् पार्टी सगळ्यात कमीवाला धरून बसते. मला पहिला मेल एकाला, दुसरा दुसऱ्याला असं आळीपाळीनं पाहिजे. एलियासमध्येच जमते का?

धंतोली_रूट
नाही जमत भाऊ, एलियासमध्ये जितकी नावं तितक्या कॉप्या. पोस्टफिक्स 3.0 पासून रँडमॅप नावाचं टेबल आहे, ते दिलेल्या पत्त्यांतून कोणताही एक उचलते. पण नुसतं व्हर्च्युअल एलियासला (पूर्ण पत्त्यांवर चालणारी एलियासची यादी) लावू नका, ते काहीही विचारलं तरी उत्तर देते, म्हणजे मालकाचा मेलही पोरांच्या इनबॉक्सात. आधी इनलाइन टेबलात (सेटिंगमध्येच लिहिलेली छोटी यादी) फक्त चौकशीचा पत्ता ठेवा अन् दोन्ही पाइपमॅपमध्ये (एका टेबलाचं उत्तर पुढच्या टेबलाला देते ते) जोडा, पत्ता जुळला तरच पुढं जाते. आपल्या मशीनवर ही टेबलं आहेत का ते पोस्टकॉन्फ डॅश एम ही कमांड मारून बघा.

स्क्रिप्टवाला
रँडम म्हणजे आळीपाळी नव्हे बाप्पा. सकाळच्या नऊ मेलपैकी पाच एकालाच गेले तर तो बोंबलणारच. खरी पाळी पाहिजे तर मास्टर डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलीत पाइपवाला ट्रान्सपोर्ट (मेल थेट एखाद्या प्रोग्रामला देणारी वाट) बनवा, मागे छोटी स्क्रिप्ट, एका फाइलीत आकडा वाढवत जायचा, तीननं भागायचं, बाकी उरेल त्याला मेल. फाइलीला एफलॉक (एका वेळी एकालाच फाइल देणारं कुलूप) लावाच, कारण पोस्टफिक्स एकाच वेळी अनेक मेल देते अन् दोघांनी सोबत आकडा वाचला की पाळी बिघडली. अन् स्क्रिप्ट अडली तर 75 कोडनं बाहेर पडा, मग मेल रांगेत राहतो, पोस्टफिक्स थोड्या वेळानं पुन्हा ट्राय करते. दुसरा कोड दिला तर बहुतेक वेळा मेल बाउन्स होऊन पार्टीकडं वापस.

इतवारीकर
दोन्ही ठीक, पण काहून कोणी हे विचारून नाही राहिलं की त्याच पार्टीनं उत्तर दिलं तर ते कोणाकडं जाईल? चौकशीच्याच आयडीवर आलं तर दुसऱ्याच्या डोक्यावर, त्याला मागचं काहीच माहीत नाही, पुन्हा नवा रेट! म्हणजे तुमची मूळ कटकट तशीच. मी तर पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा हॅश (पत्त्यावरून निघणारा ठरावीक आकडा) काढून तीननं भागीन अन् बाकीवरून माणूस ठरवीन, पार्टी कायम एकाच माणसाकडं. मोठी पार्टी ज्याच्याकडं पडेल त्याला काम जास्त, हे मात्र आहे.

वाडीवाला
हे डोक्यातच नव्हतं आलं. पण एखादा सुट्टीवर गेला तर?

इतवारीकर
तर त्याचे मेल त्याच्या इनबॉक्सात पडून राहतील. भाग तीनऐवजी दोननं केला तर बाकीच्या दोघांच्याही बऱ्याच पार्ट्या इकडच्या तिकडं होतात, म्हणून तसं नका करू. तेवढ्या दिवसांपुरतं सिव्हमधून (डव्हकॉटमधले मेल वळवायचे नियम) त्याचे मेल दुसऱ्याकडं वळवा.

धंतोली_रूट
इतकं सगळं करायचं तर झॅमाड नाहीतर ओएसटिकिट, म्हणजे चौकश्या वाटून देणारं तयार सॉफ्टवेअर, टाका ना भाऊ, फुकट आहेत, अन् कोणता मेल कोणाकडं अडला तेही दिसते.