पाचट वाचेल, पण कोयत्याचं काय?

हार्वेस्टर (ऊस तोडणारी यंत्रं) वाढले की पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळणं थांबेल, असं म्हटलं जातं; ते मान्य. यंत्र पाचटाची कुट्टी करून शेतातच टाकतं, ओल टिकते. पण वाढ्यांचाही (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) तिथंच भुगा होतो. बीडकडून आलेल्या कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी) मजुरी मुकादमाच्या (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या) उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, वळती होते. हातात रोख पैसा येतो तो बायका वाढ्याच्या पेंढ्या बांधून विकतात त्याचा. मीठ-मिरची, पोराचं औषध त्यावरच. हा हिशेब कुठल्याच हवामान आराखड्यात दिसत नाही.

२०२३ मध्ये राज्याने हार्वेस्टरला ४० टक्के, कमाल ३५ लाख अनुदान ठरवलं. बाकीची रक्कम उभी करणार कोण? तोडणी मजूर तर नक्कीच नाही. शिवाय यंत्राला रुंद सरी आणि मोठा सलग प्लॉट लागतो. म्हणजे अडचणीचे तुकडे आणि लोळलेला ऊस कोयत्याच्या वाट्याला, आणि दर बहुधा तोच!

माझ्या मते अनुदानालाच अट घाला: यंत्रामागे ठरावीक मजुरांची उचल फेडायची, त्यांच्यातल्या पोरापोरींना चालक-मेकॅनिकचं काम शिकवायचं. आणि अडचणीच्या फडाला वेगळा, चढा दर. ऊसतोड कामगार महामंडळ आहेच, त्याच्याकडून एवढं तरी करून घ्या.