‘म्हाळुंगे तर्फे घोडा’मधला ‘तर्फे’ कोणता?

आंबेगाव तालुक्यातल्या जमिनीचा एक कागद वाचत होतो. गावाचं नाव: मौजे म्हाळुंगे तर्फे घोडा. शेजारी बसलेली पुतणी म्हणाली, “काका, घोड्यातर्फे म्हणजे? घोड्यानं अर्ज केलाय का?” हसलो, पण उत्तर देता आलं नाही. ‘समस्त ग्रामस्थांतर्फे’ मधला तर्फे तो हाच का? मंडळी, कुणी सांगेल का?

• शब्द एकच, अरबी ‘तरफ’, म्हणजे बाजू. ‘तरफदारी’ही त्यातलीच. बाजूवरून ‘त्या बाजूचा मुलूख’ असा अर्थ आला. बहमनी राज्यात दौलताबाद, वऱ्हाड, बीदर, गुलबर्गा अशा चार तरफा होत्या, म्हणजे अख्खे प्रांत! पुढे बहमनी वजीर महमूद गावानने चाराच्या आठ केल्या. आपल्याकडच्या कागदांत येईपर्यंत तर्फ पार आटली, परगण्याच्या पोटातला गावांचा एक पुंजका एवढीच उरली. म्हणून ‘घोडा’ हा प्राणी नव्हे, घोडेगावची तर्फ.

• पण मग नुसतं म्हाळुंगे का नाही लिहीत?

• लिहून बघा! त्याच तालुक्यात म्हाळुंगे तर्फे आंबेगाव आहे, शिवाय हुतात्मा बाबू गेनूंचं म्हाळुंगे पडवळ. आमचं एक टपाल तीन आठवडे या म्हाळुंग्यांत फिरत होतं, कारण भरणाऱ्यानं फॉर्मवर ‘तर्फे घोडा’ फालतू समजून गाळलं. बुद्रुक-खुर्दनं मोठं-धाकटं कळतं, तर्फेनं गाव कोणत्या अंगाला आहे ते. कोल्हापूरकडे पोहाळे तर्फ आळते आणि पोहाळे तर्फ बोरगाव आहेत, तिथंही हीच सोय. (तिकडे ‘तर्फ’, इकडे ‘तर्फे’. मला ‘तर्फ’ बरा वाटतो, निदान ‘च्या वतीने’शी गल्लत होत नाही. पण सातबाऱ्यावर असेल तेच लिहा, तिथं व्याकरण शिकवायला जाऊ नका.)

• यात गंमत आंबेगावची आहे. ज्या गावावरून तर्फ, ज्या गावावरून तालुका, ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेलं. कचेरी घोडेगावात, बाजारपेठ मंचरला आणि तालुक्याचं नाव पाण्याखाली. इंग्रजांच्या वेळी तर हा तालुकाही नव्हता, खेड तालुक्याचा ‘पेटा’ होता. पेटा म्हणजे तालुक्याहून लहान महसुली भाग, त्यावर मामलेदार नसून महालकरी. आमची आजी शेवटपर्यंत “पेट्याला जाऊन येते” म्हणायची. आम्हाला वाटायचं, पेठेत निघाली.

• चंदगडकडे अजून ‘कर्यात भाग’ म्हणतात, तेही असंच का?

• त्याच घराण्यातलं. अरबी ‘कर्या’ म्हणजे गाव, त्यावरून कर्यात, म्हणजे गावांचा पुंजका. बारा मावळांत ‘कर्यात मावळ’ आहेच. पण मावळात बहुतेक नावं नदीवरून: मुठे खोरे, मोसे खोरे, कानद खोरे. दोन डोंगरसोंडांमधलं पाणी जिथवर, तिथवर देशमुखाचा अंमल. हद्द आखायला वेगळा नकाशा लागत नसे.

• धन्यवाद मंडळी. पुतणीला सांगितलं. आता ती विचारते, “मग पडवळ म्हणजे भाजी का?”