जुने गोवे: सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय मूर्तिकाराला रुचेल का?

शिसवी: पुढच्या महिन्यात आई-वडिलांना घेऊन जुन्या गोव्यास जात आहे, हाताशी जेमतेम अर्धा दिवस आहे. असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठातील पुरातत्त्व संग्रहालय, म्हणजे व्हाइसरॉयांची तैलचित्रे आणि वीरगळ, आम्ही पूर्वी पाहिले आहे. वडील पेणला गणपती घडवतात. ख्रिस्ती धर्माशी त्यांची ओळख बेताचीच. सांता मोनिकाचे संग्रहालय त्यांना रुचेल का?

जांभा: अवश्य न्यावे, मात्र आधी बाहेर थांबून इमारत पाहावी. १६०६ ते १६२७ या काळात जोगिणींसाठी बांधलेला हा तीन मजली मठ १६३६ च्या आगीनंतर पुन्हा उभा राहिला, आणि त्याच्या भिंतींना दिलेले जाडजूड धिरे पाहिले की जांभ्याच्या बांधकामाला किती आधार द्यावा लागे ते समजते. संग्रहालय मूळचे येथले नव्हे. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झाले. तेथे वाट वाकडी करून जावे लागे, म्हणून २००२ मध्ये ते या मठाच्या चर्चमध्ये आणले. अलीकडे दुरुस्ती होऊन २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले. (राशोल म्हणजे जेथे १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले, तेच.)

आत गेल्यावर चांदीचा पेलिकन चुकवू नये. हा पक्षी स्वतःची छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी जुनी समजूत होती. म्हणून तो ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक ठरला.

रानवाटा: वडिलांना गोव्याच्या हस्तिदंती कामातला बालमेंढपाळ येशू विशेष आवडेल. खडकांच्या उतरंडीवर बसलेले मूल, मांडीवर आणि खांद्यावर कोकरू, गालाला टेकवलेला हात, मिटलेले डोळे. पायथ्याच्या गुहेत पहुडलेली येशूची शिष्या मारिया माग्दालेना. ध्यानस्थ बुद्धाची आठवण अनेक अभ्यासकांना होते, आणि ती ओढूनताणून आणलेली वाटत नाही. देवपूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास गोव्यातील चर्चच्या १५६७ च्या धर्मपरिषदेने मनाई केली होती. तरीही अशी कामे त्यांच्याकडे जातच राहिली.

तुळई: माझी एक तक्रार आहे. वेदीवर, मेणबत्तीच्या उजेडात, खालून वर पाहण्यासाठी घडवलेली मूर्ती काचेच्या कपाटात डोळ्यांच्या पातळीवर आली की तिचे डोके थोडे मोठे वाटू लागते. दोष कारागिराचा नसतो. वडिलांना तेथे जरा वाकून पाहायला सांगावे.

शिसवी: सर्वांचे आभार. वडिलांना हे वाचून दाखवले. बुद्धाविषयी ते काही बोलले नाहीत. हस्तिदंतात पसरलेला हात कसा काढतात, एवढेच त्यांनी विचारले.

रानवाटा: सुळ्याची जाडी तेवढी पुरत नाही, म्हणून क्रुसावरच्या ख्रिस्ताचे हात वेगळे कोरून खांद्याशी बसवतात. तो सांधा बारकाईने पाहिल्यास दिसतो. उंच मूर्ती किंचित कललेल्या असतात, कारण सुळाच वाकडा असतो.