सीमा तुम्हाला कुठे भेटली? अनुभव सांगा

मेघालयातल्या डावकीला जाताना कुंपण, बुरूज असं काहीतरी डोळ्यांपुढे होतं. उमंगोट नदीच्या पात्रात दिसले ते गोटे आणि शिट्टी वाजवणारा एक जवान. अलीकडे आम्ही, पलीकडे बांगलादेशातून सहलीला आलेली कुटुंबं. अलीकडे नितळ पाण्यावर होड्यांचा धंदा, पलीकडे जाफलाँगला त्याच पाण्यानं वाहून आणलेले दगड वेचून पोट भरणारे लोक. तुम्हाला सीमा कुठे दिसली? राजकारण नको, पाहिलेलं-भोगलेलं लिहा.

नाशिक
नागालँडमधलं लोंगवा. आंगाच्या, म्हणजे कोन्याक जमातीच्या प्रमुखाच्या घरातून भारत-म्यानमार सीमारेषा जाते हे फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक. पण नेमकी गावातूनच का? कोन्याक गावं डोंगराच्या धारेवर वसतात, शेतं दोन्ही उतारांवर. सीमा आखणाऱ्यांनाही धारच सोयीची वाटली! आम्ही राहिलो त्या घरच्या मावशी सकाळी शेतावर, म्हणजे म्यानमारमध्ये जायच्या आणि संध्याकाळी चुलीपुढे भारतात. २०२४ मध्ये सीमेपलीकडे मुक्त ये-जा करायची हद्द १६ किलोमीटरवरून १० वर आणली, पासही आला. मावशींचं कसं चाललंय कोण जाणे.

कोन्स्टान्झ, जर्मनी
आमचं शहर आणि स्वित्झर्लंडचं क्रॉयत्सलिंगन एकमेकांना चिकटलेली. कोरोनात, २०२० च्या वसंतात, मध्ये जाळी लागली. लोक जाळीतून हात धरू लागले, तर थोड्या अंतरावर दुसरी जाळी आली. आणि शेजारच्या बोडनसे सरोवराच्या मोठ्या भागात जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया या तीन देशांची हद्द अजून ठरलेलीच नाही! मासेमारी १८९३ च्या करारावर सुखानं चालते.

डहाणू
वरचं वाचून आधी हसू आलं. हद्द न ठरलेलं पाणी आमच्याही नशिबात आहे, कच्छ आणि सिंधमधली सर क्रीक खाडी. भारत म्हणतो रेषा खाडीच्या मधोमध, पाकिस्तान म्हणतो पूर्वेच्या काठानं. आमच्याकडची आदिवासी पोरं पाऊस संपला की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, कारण गावात तेवढी मजुरी नाही. माझा मामाही गेला. मासळी जिकडे, बोट तिकडे. त्यात भरतीची ओढ. पाकिस्तानी गस्ती बोटीनं धरलं तेव्हा मामा खाली जेवण करत होता. बोट तिकडेच राहिली, मालकाचं नुकसान झालं हे खरं, पण मालक घरी होता.

दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या दिवशी मामी कामाला जायची नाही. बातमीत आकडा यायचा, नाव नाही. मामा चौथ्या वर्षी परतला. आता समुद्रावर जात नाही, चिकूच्या वाडीत राबतो.

पुणे (धागाकर्ता)
डहाणूकर, तुमचे मामा त्याबद्दल बोलतात का?

डहाणू
नाही. मासळीचा भाव मात्र रोज विचारतो.