संस्थेच्या साइटवरची रिकामी पानं: ठेवायची की उडवायची?

दादरकर
आमच्या वाचनालयाची नवी साइट आली. मेनूत 'उपक्रम', 'दुर्मिळ ग्रंथ', 'छायाचित्रे'. कुठेही टिचकी मारा, 'लवकरच येत आहे' आणि फावडं मारणारा पिवळा माणूस. माझं मत स्पष्ट आहे. मजकूर नाही तर पान नको. गूगल अशा पानाला 'सॉफ्ट ४०४' (४०४ म्हणजे 'पान सापडलं नाही') समजू शकतं: सर्व्हर २०० म्हणजे 'सगळं ठीक' सांगतो आणि आत ठणठणाट.

चाळकरी
साफ नामंजूर. बटण डोळ्यांसमोर असलं की समितीवर दबाव राहतो. ते काढलंत तर दुर्मिळ ग्रंथांची यादी कोणी जन्मात टाइप करणार नाही. शिवाय वार्षिक अहवालात त्या पानाचा क्यूआर छापून वाटलाय, त्याचं काय?

दादरकर
बटण बघून कुठली समिती हललीय हो? क्यूआरचा मुद्दा मान्य. मग त्या पानावर चार ओळी तरी टाका: ग्रंथ बघायला कधी यायचं, कुणाला विचारायचं. पानाचा पत्ता बदललात तर ३०१ (कायमचं वळण) लावा, म्हणजे जुना क्यूआर नव्या पानावर नेईल.

ठाणे_स्लो
एवढा वाद कशाला? मेनूतून काढा, पान राहू द्या. आमच्या सोसायटीने सभासदांची यादी तशीच ठेवलीय. मेनूत नाही, आणि रोबॉट्स डॉट टीएक्सटीत (साइट वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, म्हणजे बॉटना, सूचना देणारी फाइल) त्या फोल्डरला 'डिसअलाउ' (इथे येऊ नका) लावलंय.

कोडवाली
अरे देवा! रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही १९९४ पासून चालत आलेली विनंती आहे, कुलूप नाही. सभ्य बॉट ऐकतात, बाकीचे नाही. वर ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते, म्हणजे काय लपवलंय ते तुम्हीच पाटी लावून सांगताय. आणि कुणी बाहेरून लिंक दिली असेल तर पान न वाचताही गूगल नुसता पत्ता निकालात दाखवू शकतं. ते टाळायला पानात 'नोइंडेक्स' ('निकालात दाखवू नका' ही खूण) लागतं, पण वाटेतच अडवलंत तर गूगलला ते दिसणार कसं? फ्लॅट नंबर, मोबाइल असलेली यादी लॉगिनच्या आतच हवी.

ठाणे_स्लो
लॉगिन केलं की ज्येष्ठ मंडळी पासवर्ड विसरणार आणि सेक्रेटरीचा फोन वाजत राहणार. आमची यादी शोधून कोण काय करणार आहे?

कोडवाली
मुंबईत राहून हे विचारताय? पुनर्विकासाची नुसती कुणकुण लागू दे, मग सेक्रेटरीचाच काय, प्रत्येक सभासदाचा फोन वाजेल.

ठाणे_स्लो
वार्षिक सभेत विषय मांडतो. पासवर्डला विरोध होणार, हे आत्ताच लिहून घ्या.