विषय: गणेशगुडीला बोटिंग, पोरांची लाइफ जॅकेटं

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात बेळगावला, शहापूरच्या घरी येतेय. खानापूर-रामनगरवरून गणेशगुडीला जाऊन काळी नदीत बोटिंग करायचं सगळ्यांनी ठरवलंय. मुलगी चार वर्षांची, १६ किलो. मुलगा नऊचा, २८ किलो. जॅकेटं न्यू जर्सीतूनच आणावीत म्हणते. थोडी वाढत्या अंगाची घेतली तर दोन वर्षं चालतील ना? ह्यांच्यासाठी फुगणारं बघितलंय.
वैशाली

वैशाली,
वाढत्या अंगाचा फ्रॉक घे, बूट घे, जॅकेट नको! सैल जॅकेट पाण्यात वर येतं आणि पोर त्यातून खाली घसरतं. लहानांचं माप वयावर नाही, वजनावर. तिकडच्या लेबलावर पौंड असतील. ३० ते ५० पौंड म्हणजे साधारण १४ ते २३ किलो, ते धाकटीला. ५० ते ९० थोरल्याला. धाकटीच्या जॅकेटाला मानेमागे कॉलर, धरून वर ओढायला मूठ आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा बघून घे. पट्टे आवळून खांद्यापाशी धरून वर उचल. हनुवटी, कान आत गेले तर ते दुकानातच ठेव.

मोठ्यांना छातीचा घेर बघायचा. आमचे मेव्हणे ११० किलोचे, मला पेलणारं जॅकेट कुठलं म्हणून बसायलाच तयार नव्हते. अहो, अंग बरंचसं आपलं आपण तरंगतं, बहुतेकांना वरून तीन ते साडेपाच किलोचा आधार पुरतो. चरबी तर तरंगतेच की! (हे त्यांना सांगितलं नाही.)

फुगणारं राहू दे. त्यात गॅसची नळी असते, विमानात न्यायला कंपनीला आधी विचारावं लागतं. खळखळत्या पाण्याला आणि पोहता न येणाऱ्याला ते योग्यही नाही. फोमचंच बरं. इथलं भाड्याचं घेतलंत तर मळकं चालेल, पण फोम चपटा, कडक झालेला किंवा बक्कल तुटकं असेल तर बदलून मागा. लाजू नका.
दादा, टिळकवाडी

दादांनी एक सांगितलं नाही. मी साडीवर घातलं होतं. पदर आत गोळा झाला, पट्टा घट्ट वाटला, पण जॅकेट बसलंच नव्हतं. सासूबाईंना पंजाबी ड्रेस घालायला लाव की गं.
सुमतीकाकू, अनगोळ

काकू, फोन केला. त्या म्हणतात, मी काठावर बसते, चपला सांभाळते. थोरल्याला काट्यावर उभा केला, २६च भरला. माप तेच, जेवणाचं बघायला हवं.
वैशाली