पन्नास टी-शर्ट, चार ढोल आणि एक फोटो: घ्यावं का नको?

विश्रामबागचा मिरजकर

मंडळी, सल्ला पाहिजे. जरा लांबण लागेल.

वाढलो मिरजेत, आता सांगलीत विश्रामबागला राहतो. दहा-बारा वर्षं रात्री दीड-दीडला उठून मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या मॅच बघितल्या. बायको विचारायची, "तिथं तुमचा कोण मामा खेळतोय का?" गेल्या वर्षी पुतण्याला आमच्या जुन्या भागातल्या संघात घेतलं म्हणून मॅचला गेलो, आणि तिथंच अडकलो.

काय होतं तिथं? काही नाही. निम्मी फक्की वाऱ्यानं उडालेली, जाळीचं भोक सुतळीनं बांधलेलं. चाळीस माणसं, त्यातला एक भडंगवाला. आमचा लेफ्ट बॅक (डाव्या बाजूनं बचाव करणारा) सारखा पुढं पळायचा आणि मागं भगदाड. मी त्याला मोप शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कुपवाड एमआयडीसीत चहाच्या गाड्यावर तोच शेजारी उभा! लेथवर असतो, फर्स्ट शिफ्ट करून मॅचला येतो. म्हणाला, "काका, काल तुमचा आवाज लई येत होता." आणि चहाचे पैसे त्यानंच दिले. बारा वर्षांत मँचेस्टरच्या कुणी मला चहा पाजला नव्हता.

तर आता आम्ही पंधराजण आहोत. महिन्याला पन्नास रुपये वर्गणी, एक हलगी, एक व्हॉट्सअॅप ग्रुप. पुढं मोठा बॅनर करायचं चाललं होतं, तेवढ्यात एका भाऊंचा निरोप आला. (नाव विचारू नका. निवडणुका जवळ आल्यात एवढं पुरे.) पन्नास टी-शर्ट, चार ढोल, बाहेरच्या मॅचला टेम्पो. अट एकच, बॅनरवर आणि टी-शर्टच्या पाठीवर भाऊंचा फोटो. निम्मी पोरं हरखलीत. संघाचे सेक्रेटरीही म्हणतात, "फुकट मिळतंय, घ्या की."

मला ते पटत नाही, पण का ते पोरांना नीट सांगता येत नाही. 2005 ला ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तेव्हा वैतागलेल्या काही समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. तिथं एका सभासदाला एकच मत, पैसे कितीही देऊ दे. हे पोरांना सांगितलं तर म्हणाली, "काका, ते इंग्लंड आहे." काय बोलू?

शाहू स्टेडियमची पायरी (कोल्हापूर)

भावा, आमच्याकडच्या फुटबॉल संघांची नावं बघ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. माणूस पेठेत जन्मला की संघ ठरला, टी-शर्ट कुणी वाटावा लागत नाही. पण खरं सांगतो, फोटोवाले फ्लेक्स आमच्यातबी लागतात, आणि त्याचं पुढं काय होतं ते मी पायरीवर बसून बघितलंय. तू एका भाऊंचा फोटो लावलास की समोरचा संघ दुसऱ्या भाऊंचा फोटो आणतोय. मग ऑफसाइडवरनं झालेलं भांडण ऑफसाइडचं राहत नाही, वॉर्डाचं होतंय. हुल्लडबाजीनं मॅच थांबलेल्या आम्ही बघितल्यात, पोलीस बंदोबस्तात फुटबॉल बघायची सवय लागलीय. तुमची चाळीस माणसं आहेत तोवर हे नीट लावून घ्या. चारशे झाल्यावर कोण ऐकत नाही.

बाकी हलगी एकच ठेवा. चार ढोल म्हणजे चार वेगळे ताल. मॅच राहते बाजूला, गणपतीच होतो.

गलाईवाला (विटा, सध्या कोलकाता)

धंद्यासाठी इकडं येऊन बावीस वर्षं झाली. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं चांदी गाळायला कुठं कुठं गेली, तसाच मी. इथं दुकानाच्या मालकानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, मोहन बागान का ईस्ट बंगाल? हे इथले दोन मोठे फुटबॉल क्लब, मला वाटलं गल्लीची नावं असतील. बागान म्हणालो, कारण उच्चारायला सोपं.

मोहन बागान 1889 चा. 1911 ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश सैन्याच्या संघाला 2-1 हरवून आयएफए शिल्ड ही स्पर्धा जिंकली, ते इथलं शेंबडं पोरगंही सांगतं. 2020 मध्ये एटीके या संघाबरोबर जोडणी झाली आणि नावापुढं एटीके लागलं. झालं! जिथं तिथं 'रिमूव्ह एटीके'चे फलक. जिंकत होते तरी माणसं खूश नव्हती. एवढं कशाला, असं मलाही वाटायचं. 2023 च्या मार्चमध्ये गोव्यात आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल जिंकल्या जिंकल्या मालकांनी जाहीर केलं, एटीके काढतो. ते काढलं आणि मागं 'सुपर जायंट' लावलं! मालक तो मालकच. पण पुढचं निघालं ना? ते निघालं कारण ओरडणारे मालकाच्या खर्चानं ओरडत नव्हते.

भाऊंचा टी-शर्ट घालून तुम्ही उद्या भाऊंना विचारू शकाल का, की मैदान प्रदर्शनाला भाड्यानं का दिलं?

गोलकीपरची आई

मी सांगलीतून मुलाला घेऊन येते आणि दीड तास गाडीजवळ उभी राहते, कारण तुमच्या त्या पंधराजणांच्या शिव्या. लेफ्ट बॅकला घातलेल्याही ऐकल्यात, काका. बॅनरचं नंतर बघा. आधी मैदानावर प्यायच्या पाण्याचा नळ मागा, तोही फोटोशिवाय. आणि ते "इंग्लंड आहे" वगैरे काय? एक सभासद एक मत म्हणजे आपली विकास सोसायटीच की! माझे सासरे तीस वर्षं सभासद होते. तुमच्या त्या मँचेस्टरच्या क्लबाचं शोधून बघितलं, तीही सोसायटीसारखी सभासदांच्या मालकीची संस्था म्हणूनच नोंदलेली आहे. पोरांना हे सांगा, लगेच कळेल. फक्त आपल्याकडं सोसायटी म्हटलं की पॅनेलही पडतात, तेवढं सांभाळा.

विश्रामबागचा मिरजकर

ताई, शिव्यांबद्दल माफी. ग्रुपवर नियम टाकलाय, शिवी दिली की दहा रुपये. पहिले तीस माझेच गेले.

सोसायटीची गोष्ट लागू पडली. रविवारी चहाच्या गाड्यावर हात वर करून मतदान घेतलं. नऊ विरुद्ध सहा, फोटो नको. सहातले चारजण ग्रुप सोडून गेले, त्यातल्या एकाकडं आमची हलगी होती. ती आज त्याच्या आईनं परत पाठवली. नळाचा अर्ज पंधरा सह्या घेऊन दिलाय. सोडून गेलेल्यांपैकी दोघांनी सही केली.

बॅनर दोन जुन्या चादरी जोडून केला. रंग पातळ झाला, 'मिरज'मधला 'ज' खालपर्यंत ओघळलाय. मॅच 3-1 हरलो. लेफ्ट बॅक अजून पुढंच पळतोय.